गर्दीत हरवलेली गिटार : पाच बँडच्या एका घरगुती इक्वलायझर पेडलचं प्रकरण

"मामा, स्टेजवर मी दिसतो, पण ऐकू येत नाही."

भाचा हे म्हणाला तेव्हा गणपतीला पाच आठवडे होते आणि त्याच्या ग्रुपला तीन सोसायट्यांची बोलावणी आली होती. दोन गायक, कीबोर्ड, बेस, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि गिटारवर हा. मी तालमीला गेलो आणि मागच्या भिंतीला टेकून ऐकत राहिलो. तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. हात चालताना दिसत होता, पण कॉर्ड्स कीबोर्डच्या आवाजात बुडून जात होत्या. आवाज वाढवला की गायिका वळून बघायची, कमी केला की गिटार गायब.

मध्यंतरात त्याच्या अँपपाशी गेलो. २५ वॉटचा साधा ट्रान्झिस्टर अँप, त्यावर बास, मिडल आणि ट्रेबल असे तीन नॉब. बास ८ वर, ट्रेबल ८ वर आणि मिडल २ वर. घरी एकट्याने वाजवताना हे सेटिंग फार गोड लागतं, खाली भरदार आणि वर चकचकीत. ग्रुपमध्ये मात्र घात तिथेच होतो. गिटारच्या जाड तारेचा मोकळा ई ८२ हर्ट्झला असतो आणि बारीक तारेचा बाविसावा फ्रेट ११७५ हर्ट्झच्या आसपास. गिटार अँपचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही. १०० हर्ट्झच्या पट्ट्यात बेस आणि ढोलकीचा धुमारा आधीच बसलेला असतो, ४ हजारांच्या वर झांजा आणि गायकांचे 'स', 'श'. गिटारला स्वतःची म्हणावी अशी जागा साधारण ५०० ते ३००० मध्ये मिळते, आणि भाच्याने नेमकी तीच कापून टाकली होती.

मिडलचा नॉब ६ वर नेला. गिटार पुढे आली, पण तिच्याबरोबर एक गढूळपणाही आला. अँपचा मिडल नॉब फार रुंद पट्टा उचलतो. त्यात २५० ते ३०० चा भागही आला, आणि तिथे कीबोर्डवाल्याचा डावा हात व पुरुष गायकाचा आवाज दोघेही मुक्कामाला होते. म्हणजे एक भाग खाली आणि त्याच्या शेजारचाच भाग वर, असं एकाच वेळी करता यायला हवं होतं. तीन नॉबच्या अँपला ते जमणारं नव्हतं.

बाजारात याच कामाचे इक्वलायझर पेडल मिळतात : गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची पेटी, जी प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा पट्टा वेगळा कमीजास्त करते. बॉसचा जीई-७ १९८१ पासून आहे. १०० हर्ट्झपासून दुपटीदुपटीने ६४०० पर्यंत सात पट्ट्या आणि प्रत्येक पट्टी १५ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर किंवा खाली. चांगलंच यंत्र आहे. पण कॉलेजच्या मुलाच्या खिशाला ते जड होतं, आणि मला ते सर्किट स्वतः बांधून बघायची कितीतरी दिवसांची इच्छा होती.

आधी कान

असं काही बांधायला घेताना लोक पहिल्यांदा सर्किट शोधतात. मला वाटतं, फ्रिक्वेन्सी आधी ठरवायला हव्यात, आणि त्या तुमच्याच वाद्यासाठी, तुमच्याच ग्रुपमध्ये. आम्ही तेच केलं. ग्रुपने एक गाणं गिटारशिवाय वाजवलं, ते फोनवर रेकॉर्ड केलं. मग भाच्याने हेडफोन लावून त्यावर आपला भाग वाजवला, तो अँपसमोर ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर घेतला. दोन्ही ट्रॅक ऑडॅसिटीमध्ये एकाखाली एक लावले आणि फक्त गिटारच्या ट्रॅकवर इक्वलायझर फिरवत बसलो. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सगळा मिळून एका संध्याकाळचा खेळ.

निकाल स्पष्ट निघाला. २५० च्या आसपास ४ डीबी कमी केले की चिखल निवळतो. ८०० ला ५ डीबी वाढवले की गिटार माणसासारखी पुढे येऊन उभी राहते. १६०० ला थोडं दिलं की कॉर्डमधल्या तारा सुट्या ऐकू येतात. ३००० ला प्लेक्ट्रमची टिकटिक आहे, ती गाण्यागणिक कमीजास्त लागते. ६४०० ला कितीही वर-खाली केलं तरी सुरसुर सोडून काही बदलत नव्हतं, म्हणून ती पट्टी आम्ही सोडूनच दिली. १०० ची ठेवली, ती मुख्यतः कापण्यासाठी.

पाचच बँड, म्हणजे पट्ट्या, का, याचं दुसरंही कारण आहे आणि ते थेट सर्किटमध्येच आहे.

सर्किट

मुख्य काम एकच ऑपअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं आयसीमधलं तयार सर्किट, करतो. त्याच्या दोन इनपुटांच्या मध्ये सगळे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) एकमेकांना समांतर जोडायचे. प्रत्येक पॉटच्या मधल्या पायाला एक कपॅसिटर, त्याच्यापुढे एक इंडक्टर, आणि ती साखळी ग्राउंडला. ही जोडी ज्या फ्रिक्वेन्सीला रेझोनन्समध्ये येते, तिला तिथून खाली जायला वाट मोकळी होते. पॉट एका टोकाला फिरवला तर येणाऱ्या सिग्नलमधली तेवढी फ्रिक्वेन्सी खाली वाहून जाते, हा झाला कट. दुसऱ्या टोकाला फिरवला तर फीडबॅकमधून, म्हणजे आउटपुटकडून इनपुटला परत येणाऱ्या सिग्नलमधून, तेवढीच निघून जाते, मग ऑपअँप ती जास्त वाढवतो. हा बूस्ट. पॉट मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंना सारखाच परिणाम होतो आणि आवाज जसाच्या तसा राहतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अडचण असते इंडक्टरची. आपल्या १०० च्या बँडला २.७ हेन्री लागतात. एवढी कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावर बारीक तारेचे असंख्य वेढे. जागा खाते, पैसे खाते आणि जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुणही ओढून घेते. १९४८ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड टेलेगेन यांनी जायरेटरची कल्पना मांडली. कपॅसिटरला असं जोडायचं की बाहेरून तो इंडक्टर वाटावा. आज त्याला एक ऑपअँप, दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. दोन्ही रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार केला की हेन्री मिळतात. मी रेझिस्टर सगळीकडे १ के (किलोओहम) आणि १०० के ठेवले, त्यामुळे हिशेब तोंडी झाला : १० नॅनोफॅरड म्हणजे १ हेन्री, ३.३ नॅनोफॅरड म्हणजे ०.३३ हेन्री.

माझ्या किमती अशा. जायरेटरला २७ नॅनोफॅरड आणि पॉटकडून येणारा कपॅसिटर १ मायक्रोफॅरड घेतला की ९७ हर्ट्झ. १० नॅनो आणि ३९० नॅनोला २५५ हर्ट्झ. ३.३ नॅनो आणि १२० नॅनोला ८००. दीड नॅनो आणि ६८ नॅनोला १५७५. ८२० पिको आणि ३३ नॅनोला ३०६०. पाचही बँडचा क्यू, म्हणजे बँड किती टोकदार आहे त्याचं माप, दीड ते पावणेदोनच्या मध्ये राहतो. गिटारला तो मानवतो. याहून टोकदार केला तर वाह पेडल अर्ध्यावर अडकल्यासारखा नाकातला आवाज येतो. मुख्य ऑपअँपभोवतीचे दोन्ही रेझिस्टर ३.३ के घेतले, म्हणून पूर्ण बूस्ट ४.३ पट, म्हणजे १२.७ डीबी.

आता सुरसुरीचा मुद्दा. पॉट १० केचे, पाच समांतर म्हणजे ऑपअँपच्या दोन इनपुटांमध्ये फक्त २ के. ऑपअँपचा स्वतःचा नॉइज या जोडणीत ४.३ पट होऊन बाहेर येतो, आणि तोही सगळे पॉट मध्यावर, म्हणजे पेडल 'काहीच करत नसताना'. सात बँड केले असते तर तोच आकडा ५.६ झाला असता. ५० केचे पॉट घेतले तर नॉइज खूप उतरतो, पण मग नॉब बराच वेळ काहीच करत नाही आणि टोकाला गेल्यावर एकदम उसळी घेतो. स्टेजवर अंधारात असा नॉब नको. म्हणून १० के, लिनियर. दुकानात 'बी दहा के' म्हणून मागायचे.

सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणलं. टीएल०७४ या आयसीत चार ऑपअँप असतात, अशा दोन घेतल्या. पाच जायरेटर, एक इनपुट बफर, एक मुख्य आणि एक शेवटी व्हॉल्यूमसाठी, असे आठही कामाला लागले. फ्रिक्वेन्सी ठरवणारे कपॅसिटर फिल्मचेच घ्यावेत, पिवळे किंवा निळे बॉक्स मिळतात ते. मोठ्या किमतीच्या सिरॅमिक चकत्या व्होल्टेजप्रमाणे किंमत बदलतात आणि टिचकी मारली तर आवाजही करतात. टॉलरन्सची मात्र फार काळजी करू नये. फ्रिक्वेन्सी वर्गमूळात जाते, त्यामुळे एखादा कपॅसिटर १० टक्के चुकला तरी बँड ५ टक्केच सरकतो. कानाला त्याचा पत्ता लागत नाही.

पेटी १२० बाय ९५ मिलिमीटरची, ओतीव ॲल्युमिनियमची. सरकत्या पट्ट्यांसाठी लांबट खाचा हाताने कानशीने घासाव्या लागतात, म्हणून गोल पॉट घेतले. पॉटला ७ मिलिमीटरची भोकं आणि फूटस्विचला १२ ची, स्टेप ड्रिलने दहा मिनिटांत झाली. सर्किट झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या तयार बोर्डवर) उभं केलं आणि ग्राउंडसाठी एका कडेला जाड तांब्याची उघडी तार धावती टाकली.

घरघर

शनिवारी रात्री पेडल पहिल्यांदा चालू केला. ९ व्होल्टची बॅटरी लावली, पाचही नॉब एकेक करून फिरवले, सगळे आपापलं काम करत होते. भाचा खूश. फोनवरून ८०० हर्ट्झचा सूर सोडला आणि मीटरने आत-बाहेर मोजलं. चौपटीच्या वर मिळत होतं, हिशेबाला धरूनच.

कार्यक्रमाला बॅटरीवर विसंबायचं नाही म्हणून रविवारी सकाळी घरातला ट्रान्सफॉर्मरवाला जुना अडॅप्टर जोडला. पेडलच्या सॉकेटमध्ये आतली पिन निगेटिव्ह असते, ते आधी तपासून घेतलं. सगळे नॉब मध्यावर असताना शांतता. वाजवायला सुरुवात केली, छान. १०० चा नॉब वर नेला आणि स्पीकरमधून जाड घरघर सुरू झाली.

माझा पहिला संशय गिटारवर गेला. तिचे पिकअप सिंगल कॉइल, ते गुणगुणतातच. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, घरघर तशीच. केबल काढून इनपुटला शॉर्ट केलेला प्लग घातला, तरी तशीच. म्हणजे ती पेडलच्या आतच जन्मत होती. दुसरा संशय अर्थिंगवर. पण या अडॅप्टरला दोनच पिना, त्याचा अर्थशी संबंधच नाही. बॅटरी लावली की पूर्ण शांत. तसाच दुसरा अडॅप्टर शेजाऱ्यांकडून आणला, तर पुन्हा घरघर.

भाचा एवढा वेळ गप्प बसून ऐकत होता. त्याने गिटार उचलली, जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवला आणि म्हणाला, "मामा, हा जी आहे. पण किंचित चढा."

तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. किंचित चढा म्हणजे १००. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, आणि अडॅप्टरमधला डायोडचा ब्रिज तिच्या दोन्ही अर्धलाटा एकाच बाजूला वळवतो, त्यामुळे डीसीवर उरणारी लहर १०० ची असते. माझा सगळ्यात खालचा बँड ९७ वर बसवलेला. मीच त्या लहरीवर भिंग धरून बसलो होतो.

पण ती लहर आत शिरत कुठून होती? ऑपअँप सप्लायवरची असली हलकी लहर सहज दाबतो. उरली एक जागा. एकाच ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलमध्ये सिग्नलला मध्यबिंदू लागतो, त्याला आम्ही व्हीरेफ म्हणतो. दोन १० केचे रेझिस्टर सप्लायचे बरोबर अर्धे करतात आणि त्या बिंदूवर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याला स्थिर धरतो. पाचही जायरेटर या बिंदूला टेकून उभे असतात. तो थरथरला की तेही थरथरतात, आणि पॉट वर असेल तर ती थरथर ३.३ पट होऊन बाहेर पडते. पॉट मध्यावर असताना ती दोन्ही इनपुटांना सारखी पोहोचते आणि आपसूक मिटते. सगळी लक्षणं जुळत होती.

मी मीटर लावला. सप्लाय १२.१ व्होल्ट (हलक्या लोडवर हे जुने अडॅप्टर ९ च्या बरेच वर असतात, म्हणून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २५ व्होल्टचेच वापरावेत). व्हीरेफ ६.०५. अगदी अर्धा, अगदी बरोबर. इथे मी वीस मिनिटं घालवली, कारण बरोबर आकडा दिसल्यावर त्या जागेवर पुन्हा संशय घ्यायला मन तयार होत नाही. मग लक्षात आलं, डीसीवर मोजतोय, तो कपॅसिटर असला काय नि नसला काय, आकडा तोच येणार. मीटर एसीवर घेतला आणि प्रोबला १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावला, म्हणजे डीसी आत जाणार नाही. सप्लायवर ११० मिलिव्होल्ट. व्हीरेफवर ५५.

पुन्हा बरोब्बर अर्धा, आणि या वेळी तोच पुरावा होता. ४७ मायक्रोफॅरड जागेवर असता तर १०० हर्ट्झची लहर तिथे दीडशेएक पटीने कमी व्हायला हवी होती, मीटरवर जेमतेम पाव-अर्धा मिलिव्होल्ट. अर्धा याचा अर्थ एवढाच की रेझिस्टर आहेत, कपॅसिटर नाही.

तो तर समोर दिसत होता. बोर्ड उलटा केला आणि भिंगाखाली धरला. कपॅसिटरचा निगेटिव्ह पाय त्या जाड ग्राउंडच्या तारेवर सोल्डर केलेला होता. सोल्डर चकचकीत नव्हतं, राखाडी, दाणेदार, आणि पायाभोवती केसाएवढी काळी कडा. ड्राय सोल्डर. जाड तार उष्णता ओढून घेते. माझी २५ वॉटची सोल्डरिंग गन बाकीच्या पायांना पुरली, इथे कमी पडली. सोल्डर वितळून पायाभोवती बसलं, पण पायाला चिकटलं नाही. जुनं सोल्डर शोषून काढलं, पाय ब्लेडने खरवडला, फ्लक्स लावला आणि या वेळी आधी तार तापवली. सोल्डर पाण्यासारखं पसरलं. व्हीरेफवरची लहर मीटरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत उतरली. १०० चा नॉब पूर्ण वर नेऊन स्पीकरला कान लावला, नुसती नेहमीची हलकी सुरसुर.

जाता जाता सप्लायमध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यामागे २२० मायक्रोफॅरड टाकला. सगळं मिळून तेरा-चौदा मिलिअँपच लागतात, त्यामुळे अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो आणि सप्लायवरची लहरही सहापटीने कमी होते. हे मी आधीच करायला हवं होतं.

तालमीत

पुढच्या तालमीत एक गोष्ट नव्याने उलगडली. भाच्याने इक्वलायझर ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम करकरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी जोडला होता, आणि ८०० कितीही वाढवलं तरी गिटार पुढे येईना, नुसती जास्त करकरायची. ओव्हरड्राइव्ह सिग्नलचा माथा कापत असतो. आधी वाढवलेलं सगळं तो कापून सपाट करतो, उंची वाढतच नाही. पेडल ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि अँपच्या आधी नेला, तेव्हा तेच ५ डीबी खरोखर ५ डीबी झाले. आधी ठेवण्याचाही उपयोग आहे : तिथे २५५ थोडं कापलं तर जाड तारांवरचं डिस्टॉर्शन मोकळं होतं. पण त्याला वेगळा पेडल हवा.

शेवटी ठरलेलं सेटिंग असं : ९७ ला ३ डीबी कमी, २५५ ला ४ कमी, ८०० ला ५ जास्त, १५७५ ला ३ जास्त, ३०६० मध्यावर. अँपचे तिन्ही नॉब ५ वर. घरी एकट्याने ऐकलं तर हा आवाज रुक्ष वाटतो, डबाबंद म्हणावा तसा. भाच्याच्या तोंडावर ते दिसलंही. मग ग्रुप सुरू झाला आणि मी पुन्हा त्याच मागच्या भिंतीला टेकलो. अंतऱ्यामागच्या कॉर्ड्स एकेक मोजता येत होत्या. अँपचा आवाज आधीच्यापेक्षा कमी होता. गायिकेने मान वळवली नाही. नॉबच्या कडेला पांढऱ्या नेलपेंटने खुणा केल्या, म्हणजे स्टेजवर चाचपडायला नको.

तिन्ही कार्यक्रम त्याच सेटिंगवर झाले. आता बेसवाला मागे लागलाय. त्याचा मोकळा ई ४१ हर्ट्झला, तेव्हा बँड खाली सरकवावे लागतील. ४७ नॅनो आणि दीड मायक्रोने पहिला ६० वर येतो, ६.८ नॅनो आणि २२० नॅनोने दुसरा ४१० वर. ६० चा बँड मेन्सच्या ५० ला अगदी चिकटून बसतो, त्यामुळे या खेपेला ग्राउंडची तार मी बारीक घेतली आहे आणि व्हीरेफचा कपॅसिटर सगळ्यात आधी सोल्डर करून एसीवर मोजून ठेवला आहे.